फराळाची चाल

आमच्याकडे लग्नात वऱ्हाड मांडवात टेकलं की आधी फराळाचं यायचं. चिवडा, बुंदीचा लाडू, शेव आणि वर चहा. त्या वेळी बँडने वाजवायच्या चालीचं नावच मुळी 'फराळ'. भिवंडीच्या आसपास, कामतघरात, काल्हेरात, पार अंबाडीपर्यंत आमच्या बँडची ही चाल ओळखीची होती. चाल संथ होती, आणि रडवेली. लाडू खाणाऱ्या माणसांपुढे रडवेली चाल कशाला वाजवायची, हा प्रश्न कुणालाही पडला नव्हता. मला तर अजिबात नाही, आणि मी ती वीस वर्षं वाजवत होतो.

चाल माझ्या वडिलांची. बँड त्यांनी उभा केला, क्लॅरनेट तेच वाजवायचे, पण वाजवायचे ते सगळं सिनेमाचं. त्याची त्यांना आतून लाज होती. "लोकांचा वाजवून पोट भरला," म्हणायचे, "पन फराळ माजा हाय. यो कुनाचा न्हाय." लोकही 'तुझ्या बापाची चाल' असंच म्हणत. मला शिकवताना मी जरा घाई केली की ते माझ्या मनगटावर दोन बोटं मारत. "हळू. लोका खातान. कुनाच्या घशान लाडू अडकवाचा हाय काय?" चालीत एका ठिकाणी सूर मध्येच तुटतो, घशात हुंदका अडकावा तसा. त्याला ते उचकी म्हणत. ती उचकी जमेपर्यंत माझे दोन पावसाळे गेले. पुढे मी शाळेत मास्तर झालो, पगार सुरू झाला, तरी लग्नसराईत त्यांच्या शेजारी उभा राहून वाजवत राहिलो, ते मुख्यतः त्या एका चालीसाठी.

ते गेले तेव्हा बँडचेही दिवस भरत आले होते. आधी बेंजो पार्ट्या आल्या, मागून टेम्पोवर बांधलेले भोंगे आले. सिनेमाची गाणी आता भोंगेच वाजवत. आमचं म्हणावं असं आमच्याकडे फक्त फराळ उरलं. तेराव्याला बँडवाल्यांनी अंगणात उभं राहून तेच वाजवलं. शेजारच्या कापड-कारखान्याच्या मालकाने तेवढ्यापुरते लूम बंद ठेवले होते, त्यामुळे ती चाल मी पहिल्यांदाच पूर्ण शांततेत ऐकली. मी रडलो. लपवण्यासारखं त्यात काही नाही.

दोनेक वर्षांनी शाळेतल्या एक शिक्षिका मला म्हणाल्या, "सर, आमच्या बिल्डिंगमधल्या नर्सबाईंना क्लॅरनेटवाला हवाय." नर्सबाईंना अर्धी भिवंडी ओळखायची, कारण अर्धी भिवंडी त्यांच्या हातून जन्माला आली होती. आता त्या ऐंशीला टेकल्या होत्या. लग्न केलं नव्हतं, एकट्याच राहत. मी म्हटलं, "या वयात वरात काढतायत की काय?" शिक्षिका हसल्या नाहीत. म्हणाल्या, "इस्रायलला चालल्यात, भाचीकडे. जायच्या आधी काहीतरी वाजवून घ्यायचंय म्हणतात."

नर्सबाई ज्यू. आपल्या कोकणातल्या ज्यू, ज्यांना जुने लोक शनवार तेली म्हणत, कारण त्यांचे पूर्वज शनिवारी तेलाचा घाणा बंद ठेवत. आमच्या भागात तेवढं एकच घर उरलं होतं. ठाण्याच्या सिनेगॉगला त्या 'आमची मशीद' म्हणत, आणि भिवंडीत हे ऐकून नवा माणूस हमखास गोंधळायचा. मी रविवारी सकाळी गेलो. दाराच्या चौकटीवर एक छोटी नळी तिरपी बसवलेली होती, आत त्यांच्या प्रार्थनेचा कागद असतो म्हणे. दार उघडताना बाईंनी तिला बोट लावलं आणि बोट ओठांना लावलं. मग माझ्या हातातल्या क्लॅरनेटच्या पेटीकडे बघून म्हणाल्या, "बस. आधी पाणी घे, मग फुंकायचं बघू."

खोलीत एक लोखंडी खाट, एक टेपरेकॉर्डर आणि बांधून ठेवलेली दोन खोकी. बाई खाटेवर बसल्या आणि आढेवेढे न घेता मुद्द्यावर आल्या.

"माझा मोठा भाऊ क्लॅरनेट वाजवायचा. मुंबईला, मोठ्या हॉटेलात. साहेब लोक नाचायचे तिथे. जाझ म्हणायचे त्याला. तुला माहीत असेलच."

जाझ म्हणजे सिनेमात क्लबच्या सीनमागे वाजतं ते, एवढंच मला माहीत होतं. मी मान हलवली.

"त्या बँडमध्ये एक गोरा होता. आमच्यातलाच, पण युरोपातला. तिकडून जीव मुठीत घेऊन पळालेला. त्याच्या गावात लग्नाला वाजवायचे त्या नाचाच्या चाली त्याला येत. पुढे गाव राहिलं नाही, माणसं राहिली नाहीत. चाली तेवढ्या त्याच्या बोटांत उरल्या. हॉटेलातलं काम संपलं की तो त्या वाजवायचा, आणि माझा भाऊ उचलायचा. ड्रमवाला गोव्याचा होता, त्याने खाली जाझचा ठेका धरला. असं करता करता तिघांनी मिळून एक चाल बसवली. भाऊ सूर खालून घसरत वर न्यायचा, आणि गोरा तो मध्येच तोडायचा. रडल्यासारखा. पण रडणं नव्हतं ते. नाच होता, चांगला धावता."

"नाव काय होतं तिचं?" मी सहज विचारलं.

"फ्रेलख. म्हणजे आनंदाचं, असं भाऊ सांगायचा. आमचा शब्द नाही तो. आमची भाषा मराठीच. तो गोऱ्याच्या घरातला शब्द."

मी तो शब्द मनात दोनदा म्हटला, आणि तिसऱ्यांदा तो आपोआप फराळ झाला.

बाईंनी डोळे मिटले. बोटातली अंगठी खाटेच्या दांडीवर आपटत ठेका धरला आणि गुणगुणायला लागल्या. आमच्या फराळाच्या दुप्पट वेगाने, तरी पहिल्या चार सुरांत मी ओळखलं. उचकी तिच्या जागेवर होती. सुरुवात भैरवासारखी आणि वर गेल्यावर वाट बदलते, तीही तिथेच बदलत होती. वडिलांनी माझ्या मनगटावर बोटं मारून शिकवलेला एकेक सूर त्या बाईंच्या तोंडून येत होता. चाल मध्यावर आली आणि अंगठी थांबली.

"यापुढचं येत नाही," बाई म्हणाल्या. "पन्नास वर्षं झाली. रोज इथपर्यंत येते आणि थांबते. कानावर पडलं तर मात्र ओळखेन, एवढी खात्री आहे. तो भाग कुणाला येत असेल तर शोध. टेप करून घेईन आणि घेऊन जाईन. भावाचं दुसरं काही माझ्याकडे नाही. फोटोही नाही."

पुढचा भाग मला येत होता. क्लॅरनेट माझ्या मांडीवर होतं. दोन मिनिटांचं काम होतं.

बाई सांगत राहिल्या. दारूबंदी आली, हॉटेलातले नाच थंडावले, गोरा बोटीत बसून कुठेतरी निघून गेला. भाऊ भिवंडीत परतला. इथे त्याने दोन वर्षं कामतघरच्या पोरांना वाजवायला शिकवलं, आणि मग छातीच्या दुखण्याने गेला. "त्यात एक पोरगा होता. उंच, सावळा. हात फार चांगला होता त्याचा. भाऊ म्हणायचा, हा माझ्यापुढे जाईल. त्याला पूर्ण येत असणार. नाव काही आठवत नाही बघ. तुझे वडील वाजवायचे का रे?"

माझे वडील उंच होते. सावळे होते.

"न्हाय बाई," मी म्हणालो. "माजा बापूस लूमवर व्हता."

शाळेच्या नोकरीपासून मी बाहेरच्या माणसाशी कधी घरच्या बोलीत बोललो नव्हतो. ते खोटं मात्र घरच्या बोलीत आलं. का बोललो, हे मला त्याच क्षणी ठाऊक होतं, त्यामुळे मी गोंधळलो होतो वगैरे सांगण्यात अर्थ नाही. बापाची म्हणून जगात एकच गोष्ट होती, आणि ही म्हातारी ती खाटेवर बसून हक्काने परत मागत होती. ती वाचवायला मी बापच नाकारला. एखाद्याने घर वाचवायला घराला आग लावावी, तसला हा शहाणपणा.

निघताना बाईंनी मला पोहे दिले, गूळ आणि ओलं खोबरं घातलेले. "खा, आमच्याकडचा मलिदा. तुमच्या फराळासारखाच," म्हणाल्या. मी खायला लागलो. त्या बोलत होत्या. "इथल्या लग्नांना मी पुष्कळ गेले. पाकीट द्यायचं, नवरीच्या डोक्यावर हात ठेवायचा आणि फराळाच्या आधी निघायचं. बाहेरचं खात नाही ना आम्ही." म्हणजे इतकी वर्षं बाई मांडवातून बाहेर पडत होत्या आणि त्यांची पाठ वळली की भावाची चाल सुरू होत होती. हे त्यांना सांगणारा एकच माणूस होता, आणि तो खाली मान घालून पोहे खात होता.

"पावसाळा संपला की जाणार मी," त्या म्हणाल्या. "तोवर बघ."

"बघतो," मी म्हणालो.

बघितलं काहीच नाही. पण त्या दिवसापासून चालीने माझा पिच्छा धरला. आमच्या घराच्या भिंतीपलीकडे चोवीस तास लूम चालतात, जन्मापासून तो आवाज मला ऐकूच येत नसे. आता त्या खटाखटीत फराळ वाजायला लागलं. दुप्पट वेगाने, नाचाचं. वह्या तपासताना, दाढी करताना, वर्गात पाढे म्हणून घेताना. भारनियमनात लूम बंद पडले की चाल डोक्यात संथ व्हायची, वडिलांची व्हायची, आणि तेव्हा तर जास्तच असह्य व्हायची. बायको म्हणाली, "जेवताना बोटां कशाला नाचवताव?" मी ताटाच्या कडेवर ठेका धरला होता. चोराच्या मनात चांदणं म्हणतात, माझ्या मनात पुरा बँड होता.

एका लग्नात फराळ वाजवताना मी मान वर केली आणि मांडवाबाहेर जाणारी एक पांढऱ्या केसांची बाई दिसली. नर्सबाई नव्हत्या त्या, कुणाची तरी आत्या होती. पण माझी उचकी चुकली. वीस वर्षांत पहिल्यांदा. साइड ड्रमवाल्याने माझ्याकडे बघितलं. वडील असते तर मनगटावर बोटं बसली असती.

बाईंनी शिक्षिकेकरवी दोनदा निरोप धाडला. पहिल्यांदा मी म्हणालो, परीक्षा चालू आहेत. दुसऱ्यांदा म्हणालो, अजून कुणी सापडला नाही. दुसऱ्या निरोपासोबत बाईंनी कोरी कॅसेट पाठवली होती, अजून कागदात गुंडाळलेली. ती मी कपाटात साड्यांखाली सरकवली. तिथे ती आहे हे मला कपाटाच्या दारावरून जातानाही कळायचं.

पाऊस सरत आला तेव्हा मी एसटी धरून अंबाडीला गेलो. वडिलांचा जुना ढोलवाला तिथे लेकीकडे राहतो. मी त्याला काका म्हणतो. ऐकू कमी येतं म्हणून ओट्यावर बसून मोठ्याने विचारावं लागलं, "काका, फराळ कुनाची चाल?"

"तुज्या बापसाची," काका म्हणाला. मग तंबाखू चोळत बसला. मी उठत नाही असं बघून म्हणाला, "पयला अर्धा मास्तरचा. शनवार तेल्यांचा मास्तर व्हता आमाला. चाल अर्धी शिकवली न् मास्तर गेला. दुसरा अर्धा तुज्या बापसानं लावला."

"नक्की?"

"तो बोलाचा तसा. आमी मास्तरच्या तोंडचा दुसरा अर्धा कवा ऐकलाच न्हाय, तं कसा सांगू? तुज्या बापसाचा शिक्षण मास्तर येगला करून घ्याचा, घरा बोलवून."

"मंग बापूस मास्तरचा नाव का घेत नव्हता?"

"पयलं पयलं घ्याचा. मास्तरची चाल म्हनून सांगाचा. लोका इचरीत, कोन मास्तर? कुनाला म्हायत व्हता? मंग सांगाचा सोरून दिला."

परतीच्या एसटीत मला चक्क हलकं वाटत होतं. निम्मी चाल मास्तरची, निम्मी बापाची. असं असेल तर दोघांचंही राहतं, आणि कुणाला काही परत द्यावं लागत नाही. फक्त एकदा बाईंनी दुसरा भाग ऐकायला हवा. ओळखला नाही, तर तो वडिलांचा. ओळखला, तर वडील खोटं बोलले, पण बाईंना भाऊ सापडेल. दोन्ही चालेल, असं मी त्या एसटीत ठरवलं. इतकं साधं होतं ते, आणि मी सहा महिने घालवले होते.

दुसऱ्या दिवशी शाळा सुटल्यावर कॅसेट आणि क्लॅरनेट घेऊन गेलो. दार भाचीने उघडलं. इस्रायलहून बाईंना न्यायला आली होती. आठ दिवसांपूर्वी बाईंना झटका आला होता. उजवी बाजू गेली होती आणि वाचाही गेली होती. डॉक्टरांनी परवानगी दिली की नेणार, म्हणाली. मी चौकटीतच उभा राहिलो. वरातीमागून घोडं म्हणतात ते मीच.

बाई त्याच खाटेवर पडल्या होत्या. डोळे उघडे. मला ओळखलं की नाही, सांगता येत नाही. मी भाचीला म्हटलं, "यांना एक चाल ऐकायची होती." तिला ते माहीत होतं. तिने माझ्या हातून कॅसेट घेतली, टेपमध्ये घातली आणि बटण दाबलं.

मी फराळ सुरू केलं. सवयीने, संथ. दोन ओळी झाल्या असतील, आणि बाईंचा डावा हात हलला. अंगठी आता त्या हातात होती. दांडीवर टक् आवाज झाला. मग दुसरा. बाई माझ्या सुरांवर ठेका धरत नव्हत्या, माझ्या पुढे धावत होत्या. दुप्पट. मी त्यांच्या मागे गेलो. बोटांना त्या वेगाची सवय नव्हती, तरी ती गेली, आणि आयुष्यात पहिल्यांदा मी फराळ नाचाचं वाजवलं. उचकी आली, आणि खरंच ते रडणं नव्हतं. त्या खोलीत एक माणूस खाटेवर पडलेला, एक उभा, एक टेपपाशी, आणि तिथे लग्न लागल्यासारखं झालं. मी मध्यावर पोचलो आणि न थांबता पुढच्या भागात शिरलो.

अंगठी थांबली.

मी शेवटपर्यंत वाजवलं. बाई छताकडे बघत होत्या. मी क्लॅरनेट खाली ठेवलं, खाटेपाशी वाकलो आणि त्यांच्या कानाशी म्हणालो, "बाई, तो कामतघरचा पोरगा माजा बापूस. मी खोटा बोललू." त्यांनी डोळे माझ्याकडे वळवले. चेहऱ्याची एक बाजू उतरली होती, दुसरीवरून काही कळत नव्हतं. मग अंगठी दांडीवर आपटली, दोनदा. भाची म्हणाली, "पुन्हा म्हणतेय."

मी पुन्हा वाजवलं. पहिल्या सुरापासून अंगठी बरोबर होती. आणि पुन्हा त्याच जागी थांबली.

मी विचारायचं तरी काय, आणि कसं? 'हो असेल तर एकदा वाजवा' असं म्हणून बघितलं. हात हलला नाही. बाईंनी डोळे मिटले होते, आणि डोळ्यांच्या कडेने पाणी उशीवर उतरत होतं. भाची म्हणाली, झटक्यानंतर डोळ्यातून पाणी असं येतच असतं, त्याचं काही मानू नका.

पंधरा दिवसांनी त्यांना नेलं, आणि तिकडे त्या फार दिवस राहिल्या नाहीत. कॅसेट त्यांच्याबरोबर गेली. तिच्यावर माझं क्लॅरनेट आहे, अंगठीची टकटक आहे, आणि दोन्ही वेळा मध्यावर ती टकटक बंद होते. का बंद होते, याचे दोन अर्थ निघतात. एक, पुढचा भाग त्यांनी कधी ऐकलाच नव्हता, आणि तो माझ्या वडिलांचा आहे. दुसरा, पन्नास वर्षं शोधलेली गोष्ट समोर आल्यावर माणूस ठेका धरत नाही, गप्प राहून ऐकतो. मी चालीचा तो दुसरा भाग शेकडो वेळा मनात वाजवून पाहिला. कधी तो आमच्या बायका हळदीला गातात त्या धवल्यांसारखा लागतो, कधी कुठल्या तरी हॉटेलातला. कान आपल्याला हवं ते ऐकतात. जिला नक्की माहीत होतं ती बाई सहा महिने माझी वाट बघत बसली होती, आणि तेव्हा तिला बोलता येत होतं.

आता आम्हाला वर्षाकाठी चार-पाच लग्नं मिळतात. फराळ मी धावतं वाजवतो. लोक म्हणतात, सर, बापाची चाल बिघडवली. कुणी विचारलं की चाल कुणाची, तर मी आधी मास्तर सांगतो आणि मग बाप. कोण मास्तर, असं ते विचारतातच. तेही सांगतो, चहा थंड होईपर्यंत.

मध्यावर मात्र मला थांबावं लागतं. दुसऱ्या भागात शिरण्याआधी मी क्षणभर थांबतो आणि टक् आवाज येतो का ते ऐकतो. साइड ड्रमवाला समजून घेतो. त्याला वाटतं, सरांचं वय झालं, दम घेतायत.